जमैकाचं प्रस्थान

“आन् ह्यो समिंदर,” असं म्हणून मानसिंगरावांनी चित्रावर बोट ठेवलं. समुद्र त्यांनी स्वतःच्या खर्चानं खणून घेतला असावा, असा त्यांचा चेहरा होता.

ओसरीवर जमलेल्या माणसांनी माना पुढं काढल्या. चित्रात निळं पाणी होतं, पांढरी वाळू होती आणि वाकलेल्या माडाखाली आरामखुर्चीत एक गोरा साहेब डोळे मिटून पडला होता. सांगलीच्या गूळपेठेतल्या अडत्यानं कुठल्याशा विलायती मासिकातलं ते पान फाडून मानसिंगरावांना दिलं होतं. त्या दिवसापासून ते कोटाच्या आतल्या खिशात असे, आणि कुणी नुसतं “काय मालक, बरं हाय का?” म्हणालं तरी बाहेर येई.

“ह्येला जमैका म्हंत्यात. वेस्ट इंडीजमदलं बेट. लय भारी हवा. बडं बडं साहेब लोक इस्रांतीला तितंच जात्यात.”

“आन् पिकतंय काय तितं?” शेजारच्या तात्याबानं विचारलं. कुठल्याही मुलखाचं नाव निघालं की तात्याबाला आधी तिथली जमीन दिसे.

“ऊस,” मानसिंगराव म्हणाले.

“आन् दुसरं?”

“ऊसच की रं. समदा ऊस.”

तात्याबानं मान डोलावली. “म्हंजी आपल्यावानीच.”

आतल्या दाराआड शालूबाई तांदूळ निवडत बसली होती. तिला हसू आवरेना, म्हणून तिनं पदर तोंडात धरला. कृष्णाकाठच्या बोरगावात उसात जन्मलेला, उसात वाढलेला, उसावरच पोट सुटलेला तिचा नवरा ऊस बघायला सातासमुद्रापार निघाला होता. आणि ही गोष्ट ऐकून ओसरीवरच्या एकाही शहाण्याला हसू येत नव्हतं. उलट, सगळे मिळून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते.

लढाईच्या वर्षांत गुळाला भाव आला आणि मानसिंगराव बाबर मोठे झाले. त्यात त्यांची अक्कल किती आणि लढाईचा हात किती, हे सगळ्या गावाला माहीत होतं; फक्त त्यांना ते सांगायची कुणाची छाती नव्हती. पैशामागून कोट आला, कोटामागून घड्याळाची साखळी आली, आणि साखळीमागून उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणं आलं. तिथं जाऊन ते करत काय, तर बाजारातून हिंडत आणि ओळखीचं कुणी भेटतंय का ते बघत. गेल्या उन्हाळ्यात त्यांना साताऱ्याच्या कचेरीतला एक कारकून बायकापोरांसह भेटला, ‘वा मालक, तुम्हीपण इथंच का?’ म्हणाला, आणि महाबळेश्वर त्यांच्या मनातून साफ उतरलं.

मग हिवाळ्यात त्याच अडत्यानं त्यांना क्रिकेट दाखवायला मुंबईला नेलं. वेस्ट इंडीजचे खेळाडू आले होते. खेळातलं मानसिंगरावांना ओ की ठो कळलं नाही. माणूस बाद झाला की आपण टाळ्या वाजवायच्या की हळहळायचं, हेही ते शेजाऱ्याकडं बघून ठरवत होते. पण त्या शेजाऱ्यानं, कुणी पारशी होता म्हणे, मधल्या सुट्टीत त्या बेटांच्या हवेचं वर्णन केलं. मानसिंगराव मुंबईहून परत आले ते बेट घेऊनच.

शालूबाईनं या बाबतीत एकदाच तोंड उघडलं होतं.

“समिंदरच बगायचा तर कोकनात हाय की. पाटनवरनं घाट उतरला की चिपळून. नारळबी हायत, ऊनबी हाय.”

“कोकन!” मानसिंगरावांना ठसकाच लागला. “आगं, कोकनातली मान्सं पोटासाटी हिकडं येत्यात. हिकडनं तिकडं कोन जातंय व्हय? काय बोलावं, कुनाफुडं बोलावं, कळतंय का तुला?”

तिला चांगलं कळत होतं. ती कोकणाबद्दल बोलतच नव्हती. ती पाटणबद्दल बोलत होती. पाटण हे तिचं माहेर. तिथं तिची आई अंबूबाई डोळ्यांनी आंधळी होऊन अंथरुणाला खिळली होती आणि लेकीची वाट बघत होती. दिवाळीला जायचं ठरलं, तर गुऱ्हाळ लागलं. गुऱ्हाळ चालू असताना घरची बाई हलते कशी? संक्रांतीला मानसिंगराव म्हणाले, उन्हाळ्यात जा, चांगली महिनाभर राहा. उन्हाळा आला तो जमैका घेऊन. बोरगावातून दुपारी निघालेलं माणूस कराडला मोटार बदलून दिवस मावळायच्या आत पाटणला पोचतं. तेवढ्या वाटेला नवरा तिला सोडत नव्हता, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तिला घेऊन जायच्या गोष्टी गावभर सांगत होता.

तयारी जोरात सुरू झाली. सांगलीहून पत्र्याची मोठी ट्रंक आली. साहेबी टोपी आली. ती घालून मानसिंगराव मळ्यात गेले तर त्यांचेच बैल बुजले. पोहायचा एक आखूड पोशाखही आला. हा माणूस कृष्णेत कधी गुडघ्यापलीकडं उतरला नव्हता, पण पोशाख त्यांनी खुंटीवर टांगून आल्यागेल्याला दाखवला. काट्याचमच्यानं जेवायचा सरावही झाला. पहिल्याच घासाला भाकरी ताटाबाहेर उडाली आणि वाटीतलं कोरड्यास धोतरावर सांडलं. ते धोतर धुताना शालूबाईला वाटलं, एवढ्या मोठ्या समुद्रात असल्या माणसाला कुठं ठेवणार आहेत कोण जाणे.

मग जोशीबुवांना बोलावणं गेलं. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चैत्रातला एक दिवस काढला.

“दिवस उत्तम आहे. यानंतर मात्र बरेच दिवस लांबच्या प्रवासाला मुहूर्त नाही.”

“पर बोटीचं आजून ठरायचं हाय,” मानसिंगराव म्हणाले.

“मग प्रस्थान ठेवा.”

प्रस्थान ठेवायची चाल आपल्याकडं जुनी. दिवस चांगला आहे, पण माणसाचा पाय निघत नाही, अशा वेळी मुहूर्तावर एका फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचं एखादं वस्त्र बांधायचं आणि ते गाठोडं जायच्या दिशेला दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं गेलं म्हणजे माणूस गेला. पुढं खरोखर निघताना ते उचलायचं आणि घराकडं न वळता चालू लागायचं. ग्रहतारे एवढ्यावर फसतात, असा लोकांचा समज आहे.

“किती दिस चालतंय?” मानसिंगरावांनी विचारलं.

“राजाला दहा दिवस, सरदाराला सात, इतरांना पाच.”

“मग आमी धा धरू,” मानसिंगराव म्हणाले. जोशीबुवांनी ताटातल्या शिध्याकडं एकवार बघितलं आणि हरकत घेतली नाही.

ठरल्या दिवशी मानसिंगरावांचा एक फेटा आणि शालूबाईचं इरकली लुगडं एका गाठोड्यात बांधलं गेलं. लुगडं तिच्या आईनं दिलेलं होतं. पाटणला जाताना नेसायचं म्हणून तिनं घडी मोडली नव्हती.

“ह्येच कशापाई? दुसरं द्येते की,” ती म्हणाली.

“चार मान्सं बगनार हायत. चांगलं आसू दे,” मानसिंगराव म्हणाले.

पश्चिमेकडचं पहिलं घर तात्याबाचं. गाठोडं वाजतगाजत तात्याबाच्या कोनाड्यात जाऊन बसलं आणि मानसिंगराव घरी येऊन जेवले.

दहा दिवस सरत आले तरी बोटीचं नाव निघेना. जोशीबुवांनी तोड काढली: मुदत संपायच्या आत गाठोडं आणखी पश्चिमेच्या घरी हलवायचं, म्हणजे प्रवास चालू आहे असं धरता येतं. झालं, तात्याबाकडून गाठोडं सुताराकडं गेलं, सुताराकडून तेल्याकडं, तेल्याकडून दगडाबाईकडं. दगडाबाई ही एकटी म्हातारी. तिचं खोपट गावाच्या पार पश्चिम टोकाला, मोटार थांबते त्या वडाशेजारी. त्यापुढं गावच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून शालूबाईनं जितकं गाव बघितलं नव्हतं, तितकं तिच्या लुगड्यानं बघून घेतलं.

वैशाख लागला तसा तिचा भाऊ जोतीराम तिला न्यायला आला. स्वराज्य आलं त्याच साली तो पलटणीतून सुटून घरी आला होता. उंच, ताठ, कमी बोलणारा माणूस. भाऊजींसमोर तो घोंगडीच्या कडेला अवघडून बसला.

“दाजी, आक्काला न्यायला आलोय. आईचं काय खरं न्हाई आता. अन्न जाईना. सारकी शालू शालू करतीया.”

“आरं, पर आमी प्रस्थान ठेवलंय न्हवं!”

“मग?”

“मग काय मग? शास्तरानं आमी घरात न्हाईच. आमी निगालोय. जमैकाला निगाल्याली बाई मदनंच पाटनला कशी जाईल? प्रस्थान मोडलं तर भर समिंदरात बोट बुडायची.”

जोतीरामनं मान वर करून भाऊजींकडं बघितलं. निघालेले गृहस्थ त्या वेळी मांडी घालून भाजलेल्या शेंगा खात होते.

“दोन दिसासाटी, दाजी. मी सोता आनून सोडतो.”

“न्हाई म्हंजी न्हाई. जोशीबुवास्नी इचार जा.”

शालूबाईनं भावाला खुणेनं माजघरात बोलावलं. तिथं दोघं बहीणभाऊ उभ्या उभ्या हळू आवाजात बोलले.

“पासपोर्ट काडलाय का दाजीनी?” जोतीरामनं विचारलं. “सरकारचा कागद लागतोय. त्यो नसंल तर बोटीवर कोन चडू देत न्हाई.”

“मला काय म्हाईत न्हाई रं.”

“आक्का, तू म्हन, आत्ता तुला घिऊन जातो. बगतो कोन आडवतंय.”

तिनं दाराआडून ओसरीकडं एकदा बघितलं. तिच्या दोन लेकी सासरी नांदत होत्या. माहेरी असं भांडण झालं म्हणजे तिकडं त्यांना काय ऐकावं लागेल, हे तिच्या मनात आलं. नवरा आणि भाऊ ओसरीवर एकमेकांच्या अंगावर गेले तर, हेही आलं. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या भीतीची तिला सवय झाली होती.

“तू जा,” ती म्हणाली. “चार-आठ दिसांत काय त्ये ठरंल. मग मी येतेच.”

“आईला काय सांगू?”

“सांग कायबी.”

जोतीराम पाण्याच्या तांब्याला हात न लावता निघून गेला. शालूबाईला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सरळच विचारलं.

“बोटीचं कवा कळनार?”

“कळंल की.”

“पासपोर्टाचा अर्ज केलाय का?”

मानसिंगराव ट्रंकेवरची धूळ फडक्यानं पुसत होते. ते पुसतच राहिले.

“आवं, केलाय का?”

“तुला काय गं घाई?” ते म्हणाले. “पेठंत पाय ठेवला की चार मान्सं इचारत्यात, मालक कवा निगनार? कराडचं वकील इचारत्यात. मामलेदारानं तर खुर्ची दिली बसायला. गेल्यावर कोन इचारनार हाय? गेलं की संपलं.”

हे त्यांनी इतक्या सरळ मनानं सांगितलं की शालूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. आजवर तिला वाटत होतं, हा माणूस थापा मारतो. पण थाप मारायलासुद्धा खरं काय ते ठाऊक असावं लागतं. या माणसाला जायचं नव्हतं, आणि आपल्याला जायचं नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. याच्या खोकल्यासरशी आपण पदर सावरला, याच्या पायरवासरशी बोलणं अर्धवट टाकलं, आणि आत काय होतं, तर मासिकातलं फाडलेलं एक पान. तिला त्यांची भीती वाटेनाशी झाली. किळस मात्र आली, आणि ती काही केल्या जाईना.

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी हुसेन मणेर दारात आला. हुसेन पाटणचा. बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन तो कराडपासून कृष्णाकाठच्या गावांपर्यंत फिरे. शालूबाईच्या लग्नाचा चुडा त्याच्या बापानं भरला होता, म्हणून तो तिला आक्का म्हणे आणि तिच्याकडून पैसे घेताना भांडे. त्या दिवशी तो अंगणात बसला, तिचा हात हातात घेतला आणि काही न बोलता हिरव्या बांगड्या चढवू लागला.

“आज गप्प का रं? आई कशी हाय माजी?”

“हात सैल सोडा, आक्का.”

“हुसेन, मी काय इचारतीया?”

त्यानं हातातली बांगडी खाली ठेवली. “म्हातारी आता कुनाचा आवाजबी वळकत न्हाई. आज-उद्याचंच हाय. जोतीराम म्हनला, जाऊ नगंस, सांगू नगंस, तिला धाडायची न्हाईत त्ये. पर मला काय ऱ्हावलं न्हाई. बांगड्या भरायचं निमित्त करून आलो.”

“माघारी कवा जातोस?”

“दुपारच्या मोटारीनं.”

“ऱ्हाऊ दे दुसरा हात,” शालूबाई म्हणाली आणि उठली.

तिनं घरात जाऊन काहीही घेतलं नाही. चुलीवरची आमटी उतरवली, चूल विझवली, पायांत वहाणा घातल्या आणि भर उन्हात गावाच्या मधल्या रस्त्यानं पश्चिमेकडं चालू लागली. बाबरांच्या घरची बाई अशी एकटी रस्त्यानं चाललेली कुणी कधी बघितली नव्हती. दारादारांतून बायका बाहेर आल्या. हुसेन आपलं ओझं सावरत चार पावलं मागून येत होता.

दगडाबाई खोपटाच्या दारात बसली होती. “या वैनी. गाटुडं न्यायाला आलासा? बरं झालं बाई. उंदरापास्नं राखून राखून माजी झोप ग्येली.”

शालूबाईनं आत जाऊन गाठोडं सोडलं, इरकली लुगडं काढलं आणि नेसली. घडीवर तांदूळ सांडले होते ते झटकले. मग फेटा, सुपारी आणि हळकुंड पुन्हा नीट बांधून तिनं दगडाबाईच्या हातात दिलं.

“ह्ये त्येंचं हाय. त्येनी कवा निगतील तवा निऊ द्या.”

मोटार वडाखाली उभी होती. ड्रायव्हर डब्यानं इंजिनात पाणी ओतत होता. शालूबाई चढायला जाणार तोच मागून धापा टाकत मानसिंगराव आले. डोक्यावर साहेबी टोपी होती, घाईत ती तिरकी बसली होती. त्यांच्यामागं तात्याबा होता, ओसरीवरची नेहमीची मंडळी होती, आणि रिकामटेकडा सगळा गाव होता.

“कुटं चाललीस?” त्यांनी दात आवळून हळूच विचारलं.

शालूबाईनं पुरुषांच्या घोळक्यात कधी आवाज चढवला नव्हता. आता चढवला.

“जमैकाला.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मानसिंगरावांनी वळून बघितलं, तेव्हा सगळे चेहरे गंभीर होते.

“आवं, मुहूर्तावर प्रस्थान ठेवलंया, त्ये उचाललं. आता माघारी वळता येत न्हाई, बोट बुडती. जोशीबुवास्नी इचारा. आन् मी काय दुसरीकडं चाललेली न्हाई. पश्चिमंलाच चाललीया. पाटन वाटंवर हाय, तितं उतरून फुडं जाईन. तुमी या मागनं.” ती थांबली. मग तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, “का तुमाला जायाचंच न्हाई?”

तात्याबा भोळा माणूस. त्यानं अगदी मनापासून विचारलं, “व्हय मालक, तुमी कवा निगायचं?”

मानसिंगरावांना तिचा हात धरून तिला घराकडं ओढत नेता आलं असतं. अडवणारं तिथं कुणी नव्हतं. पण ओढत न्यायचं तर चारचौघांत बोलावं लागलं असतं, की कुणी कुठं जात नाही, बोट नाही, कागद नाही, काही नाही. त्यांनी एकदा माणसांकडं बघितलं, एकदा मोटारीकडं बघितलं आणि टोपी सरळ केली.

“तिला फुडं धाडतोय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “बोटीचं कळलं की आमी निगालोच.” आणि मग मालकाला शोभेल अशा आवाजात ड्रायव्हरवर खेकसले, “सावकाश न्ये रं गाडी! खड्डं बगून!”

शालूबाई आत जाऊन बसली. हुसेन ड्रायव्हरजवळ ओझं मांडीवर घेऊन बसला. गाडी हलली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. जिंकल्याचं तिला काही वाटलं नाही. एवढीशी गोष्ट होती, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. एवढंच बोलायचं होतं, आणि ते आपण जोतीराम आला त्या दिवशी बोललो नाही. आता कराडपर्यंत आणि कराडपासून पुढं तिला एकच घोर होता: आई सापडते की नाही.

पाटणला दोघं उतरली तेव्हा ऊन डोंगरावर गेलं होतं. हुसेन तिला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आपल्या घराकडं वळला. जोतीरामची बायको विजयमाला दारात सूप घेऊन बसली होती. नणंदेला बघून ती धडपडत उठली आणि दारातच आडवी उभी राहिली.

“वन्स, तुमी!”

“हाय का गेली?” शालूबाईनं विचारलं.

“हाय, हाय. पर आत जायच्या आदी माजं ऐका.” विजयमालेनं तिला भिंतीकडं ओढलं. “ह्येनी आत्याबाईस्नी सांगितलंया, तुमी गेलासा म्हून. बोटीत बसून.”

जोतीराम आवाज ऐकून बाहेर आला. बहिणीकडं न बघता तो म्हणाला, “काय सांगू मग, आक्का? दाराकडं कान लावून बसली हुती. लेक हितंच हाय पर धाडत न्हाईत, आसं सांगू? तूच म्हनलीस, सांग कायबी. येकदा सांगितलं आन् गप झाली बग. मग काय तुजं नाव काडून रडली न्हाई.”

शालूबाई आत गेली. आई गोधडीत कुठं आहे ते आधी दिसलंच नाही, इतकी ती बारीक झाली होती. शालूबाई पायथ्याशी बसली आणि तिनं गोधडीखाली हात घालून आईचे पाय धरले. पाय थंड होते.

“कोन गं?” अंबूबाई म्हणाली.

आई, मी शालू. एवढंच बोलायचं होतं. पण आधी तिनं गोधडी आईच्या पायांवर नीट ओढली. तेवढ्यात आईच पुन्हा बोलू लागली, थांबत, धाप टाकत.

“माजी लेक आसती तर आशीच येऊन बसली आसती पायापाशी. पर ती लांब गेलीया. समिंदरापल्याड. म्हून आली न्हाई. न्हाईतर हितं आसून यायची ऱ्हाती व्हय ती? तसली न्हाई माजी शालू.”

जोतीरामनं दाराकडं तोंड फिरवलं. शालूबाईला सगळं लख्ख दिसलं. आपलं नाव सांगितलं तर आपण परत आलो असं आईला वाटणार नाही. इतके दिवस आपण मोटारीच्या वाटेवर होतो आणि आलो नाही, एवढंच तिला कळेल. तिच्याजवळ आता लेकीबद्दलची तेवढी एक खात्री उरली होती. ती काढून घ्यायचं शालूबाईच्या जिवावर आलं.

“कोन हाईस बाई तू?”

“मी शेजारची,” शालूबाई म्हणाली. आवाज घशातून भलताच, घोगरा निघाला.

“शालूचं काय कळलं का गं? पोचली का?”

“पोचली म्हनं.”

“नवरा बरा वागवतोय न्हवं तिला?”

शालूबाईचे हात थांबले. मग ती पुन्हा पाय चेपू लागली.

“लय जपत्यात,” ती म्हणाली.

“जावई मोट्या मनाचा,” अंबूबाई म्हणाली. “येवड्या लांब कोन नेतंय बायकूला?” तिला बोलण्याचे कष्ट झाले, ती बराच वेळ नुसती पडून राहिली. विजयमाला दिवा लावून गेली. अंबूबाईनं हात पुढं केला, चाचपडत शालूबाईच्या मनगटावरच्या बांगड्यांवरून फिरवला.

“तुजी आई हाय का गं?”

“हाय.”

“मग हितं कशाला बसलीस? जा बाई तिच्याकडं. सांज झाली. वाट बगत आसंल.”

“जाते,” शालूबाई म्हणाली, आणि आईचे पाय चेपत तिथंच बसून राहिली.